केजच्या मातीतलं कुंपण

केज तालुक्यात कुंपणाची कामं करणाऱ्या माणसाला वर्षभर एकच प्रश्न ऐकावा लागतो: "मिस्त्री, किती वर्षं टिकंल?" लाकडाचं असो, तारेचं असो, हल्ली आलेलं प्लॅस्टिकचं असो, गिऱ्हाईक पैसे मोजताना वर्षं मोजतं. मी त्यावर उलट विचारतो. जागा कुठली, माळ की काळी? ऊन कुठल्या अंगानं येतं? जनावराची भीती आहे का? आणि मोडलं तर नीट कोण करणार? एवढं कळल्याशिवाय वर्षांचा आकडा सांगणारा एकतर धंद्यात नवा असतो, नाहीतर त्याला पडून असलेला माल खपवायचा असतो.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. रानाला कुपाटी असायची. वैशाखात बाभळी-बोरीच्या फांद्या तोडायच्या, बेळक्यानं ओढत बांधावर आणायच्या, बुंधे आत आणि शेंडे बाहेर करून एकावर एक दाबायच्या, मधेमधे मेखा ठोकायच्या. ओला पाला शेळ्या ओरबाडून न्यायच्या, काटा तेवढा मागं राहायचा. दिवाळीपर्यंत खालचा थर वाळवीनं खाल्लेला असायचा आणि उन्हाळ्यात उरलंसुरलं चुलीत जायचं. पुढच्या वैशाखात नवी कुपाटी. किती वर्षं टिकेल असं कुणी विचारत नव्हतं, कारण ती एकाच हंगामाची आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. खर्च म्हणाल तर अंगमेहनतीचा आणि पायातले काटे काढण्याचा.

ती कुपाटी गेली याला लोक तारेला दोष देतात. मला तसं वाटत नाही. आमच्या तालुक्यातली कितीतरी कर्ती माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातात, ती परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. थकून आलेल्या माणसाला मग नांगरट, खत, लग्नकार्यं यातून कुपाटीला वेळ कुठला? त्यात बांधावरच्या देशी बाभळी तुटल्या आणि वेडी बाभूळ ओढ्याकाठी माजली. कुपाटी घालायला माणूस उरला नाही म्हणून तार आली.

तारेचा जन्मही असाच टंचाईतून झाला. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या सपाट गवताळ मुलखात जमीन अफाट होती, पण कुंपणाला लाकूड नव्हतं. तिथले शेतकरी ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडाच्या दाट रांगा लावायचे, म्हणजे जिवंत कुपाटीच. १८७४ साली जोसेफ ग्लिडन या तिथल्या शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि पुढं ती जगभर पसरली. बीड जिल्ह्यात जंगल नावापुरतं आहे. आपल्याकडं लाकडी कुंपणाची बात निघाली की मला तो इलिनॉयचा शेतकरी आठवतो. ज्या मुलखात लाकूड नाही, तिथं लाकडाचं कुंपण ही चैन असते, हे त्यानं दीडशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

तरीही लाकूड की प्लॅस्टिक हा प्रश्न केजमध्ये आलाच. तो शेतातून आला नाही, घरांमधून आला. मांजरसुंब्याहून अंबाजोगाईकडं जाणाऱ्या रस्त्याला, कळंब रस्त्याला गेल्या काही वर्षांत बंगले उठले. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, कापडाचे दुकानदार. पोरं पुण्यात, काहींची अमेरिकेत. घरापुढं चार गुंठे मोकळी जागा, तिथं गुलाब, जास्वंद, नातवंडांसाठी झोका. मग मोबाईलवर फोटो येतो: हिरवीगार हिरवळ आणि तिच्या कडेनं पांढरंशुभ्र, कमरेइतकं कुंपण. "मिस्त्री, असं पाहिजे. याला रंग नको, वाळवी नको, गंज नको."

कळंब रस्त्याच्या एका गुरुजींचं काम मला सविस्तर सांगायचं आहे, कारण तिथं दोन्ही बाजू एकाच ओसरीवर बसलेल्या होत्या. गुरुजींचा मुलगा टेक्सासात. ते तिकडं जाऊन आलेले, पांढरं विनाइलचं कुंपण डोळ्यांत भरलेलं. त्यांचे धाकटे भाऊ शेती बघतात, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णा म्हणाले, "प्लॅस्टिकचं कुंपण? एक बोकड धडकला की आडवं. बाभळीचे खांब ठोक आन मोकळा हो." गुरुजी म्हणाले, "टेक्सासात काय बर्फ पडतो का रे? तिकडंबी ऊन हायेच की." मुद्दा बिनतोड होता. अण्णा माझ्याकडं बघायला लागले आणि गुरुजीही.

पीव्हीसी काय असतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. विहिरीवरून रानात नेलेला पाइप दोन उन्हाळे बांधावर उघडा पडला तर त्याचं काय होतं, हे प्रत्येकानं पाहिलेलं आहे. करडा रंग पांढुरका पडतो, हात फिरवला की पीठ लागतं, आणि एक दिवस खांद्यावरून खाली टाकला की लांबीत चिरतो. म्हणून तर पाइपलाइन जमिनीत गाडतात. कुंपणाचं विनाइल म्हणजे हेच पीव्हीसी. फरक आहे तो त्यात काय मिसळलं आहे याचा.

गंमत अशी, की या पदार्थाचा जन्मच उन्हातला. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत विनाइल क्लोराइड वायू भरलेला चंबू उन्हात राहिला आणि आत पांढरा घट्ट पदार्थ जमला. त्याचा उपयोग कळायला पुढं पन्नासेक वर्षं लागली. आता तेच ऊन त्याच्या मुळावर येतं. उन्हातले अतिनील किरण आणि उष्णता मिळून पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटायला लागतं, साखळी कमजोर होते, रंग पिवळट पडतो आणि माल ठिसूळ होतो. हे रोखायला टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच ही भुकटी. ती किरण वरच्यावर अडवते. कुंपणाच्या चांगल्या पट्टीत ती भरपूर असते, शिवाय उष्णता सोसायला आणि धक्का सोसायला वेगळी द्रव्यं असतात. पाण्याच्या पाइपात याची गरज नसते, तो जमिनीतच राहायचा असतो. म्हणजे गुरुजींचं टेक्सास खरं होतं आणि अण्णांचा पाइपही खरा होता.

अडचण बाजारात आहे. टायटॅनियम डायऑक्साइड महाग. ते कमी करून खडूची भुकटी वाढवली तरी पट्टी पांढरीच दिसते. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मालात दोन्ही प्रकार असतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. दुकानदार हमीचा कागद दाखवतो. कागद वाचावा, त्यात ऊन, उष्णता, रंग उडणं याबद्दल काय लिहिलं आहे ते बघावं. माझी स्वतःची परीक्षा साधी आहे. नमुन्याची वीतभर पट्टी मागून घ्यायची आणि होळीपासून मृगापर्यंत पत्र्यावर टाकून द्यायची. एक तुकडा सावलीत कपाटात. मृग निघाला की दोन्ही शेजारी ठेवून रंग बघायचा, काळ्या कपड्यानं पुसून पीठ लागतं का बघायचं आणि हातोडीचा एकेक ठोका द्यायचा. चांगला माल ठोक्यानं दबतो, खराब माल तडकतो. एका उन्हाळ्यात सगळंच कळतं असं नाही, पण अगदी टाकाऊ असेल ते नक्की कळतं. गुरुजी थांबायला तयार झाले, ही त्यांची मोठी गोष्ट. बाकीच्यांना वास्तुशांतीच्या आत कुंपण हवं असतं.

प्लॅस्टिकचा दुसरा स्वभाव म्हणजे ते वाढतं. आठ फुटी पट्टी डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर असते. मे महिन्यात दुपारी, हवा ४२ अंश असताना, उन्हात तापलेली पट्टी साठ अंशांपर्यंत जाते. एवढ्या फरकानं ती सात-आठ मिलिमीटर लांबते. तेवढ्याच लांबीचा लोखंडी अँगल जेमतेम दीड मिलिमीटर वाढतो, आणि लाकूड लांबीत उन्हानं जवळजवळ वाढतच नाही. म्हणून विनाइलच्या पट्ट्या खांबाच्या खाचेत सैल बसवायच्या असतात. डिसेंबरात बसवल्या तर फट जास्त ठेवायची, मे महिन्यात बसवल्या तर कमी. आपल्याकडचा कारागीर लोखंडाच्या कामावर वाढलेला, त्याला हलणारं काम म्हणजे कच्चं काम वाटतं. तो चारही बाजूंनी स्क्रू आवळतो. पहिल्या उन्हाळ्यात पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि दोष प्लॅस्टिकच्या नावानं जातो. आणखी एक: लाकडी रंगाची, तपकिरी पट्टी घेऊ नये. पांढऱ्यापेक्षा ती कितीतरी जास्त तापते, आणि ऐंशी अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊच पडतं. त्याच्या बरंच आधी भार असलेली पट्टी झोल खायला लागते.

हे झालं वरचं. पण मी जेवढी आडवी झालेली कुंपणं उभी केली, त्यांतली बहुतेक वरून मोडलेली नव्हती. ती खालून गेलेली होती.

केज तालुक्यात दोन जमिनी आहेत. बालाघाटच्या बाजूला माळ, वीतभर मातीखाली मुरूम. तिथं खड्डा घेताना पहार वाजते, घाम निघतो, पण एकदा बसलेला खांब बापजन्मी हलत नाही. मांजरा नदीच्या अंगाला, धनेगावच्या धरणाकडं जाल तशी काळी भारी जमीन. खड्डा लोण्यात सुरी जावी तसा निघतो आणि मिस्त्री खूश होतो. तीच जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशा भेगा पडतात की हातातली काठी आख्खी आत जाते. खांब वर्षातून एकदा वर ढकलला जातो, एकदा बाजूला ओढला जातो. चार-पाच वर्षांत सरळ रांग दातपडक्या म्हाताऱ्यासारखी दिसायला लागते. थंड देशांत जमिनीतलं पाणी गोठून खांब उचलला जातो, म्हणून तिथं गोठणाऱ्या थराच्या खाली पाया नेतात. आपल्याकडं बर्फाचं काम काळी माती करते.

काळ्या मातीचं हे वागणं आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी अनेक वर्षं अभ्यासलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा जाड थर दिला की खालच्या मातीची उसळी दबते, हा त्यांच्या कामाचा गाभा. कालवे आणि रस्ते यांच्यासाठी ते काम झालं. कुंपणाच्या खड्ड्याला कुणी इंजिनिअर बोलावत नाही, पण आमच्याकडचे जुने गवंडी खांबाभोवती मुरूम भरतात, काळी माती भरत नाहीत, ते अनुभवानं त्याच दिशेनं गेलेले असतात.

मी करतो ते असं. मुरूम लागत असेल तर मुरमापर्यंत जायचं. लागत नसेल तर निदान साडेतीन फूट, आणि खड्डा खाली रुंद, वर अरुंद. तळाला खडी, मग खांब, मग खालच्या भागातच काँक्रीट, वर मुरूम थराथरानं ठोकून. वरच्या तोंडाशी काँक्रीटचा पसरट टोप कधीही करायचा नाही. फुगणारी माती त्या टोपाला खालून धरते आणि खांबासकट वर उचलते. खांबापाशी पाणी साठू नये म्हणून भोवताली थोडा चढ. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही अंगांनी आडवे टेकू, कारण ताण सगळा कोपऱ्यावर येतो. यातलं काहीही कुंपण उभं राहिल्यावर दिसत नाही. म्हणून गिऱ्हाईक यावर भाव करतं आणि ठेकेदार इथंच हात आखडतो.

विनाइलच्या खांबाला इथं आणखी एक पायरी लागते. तो आतून पोकळ असतो. नुसता रोवला तर वळवाच्या पहिल्या वादळात लवतो. आत सळई आणि काँक्रीट भरावं लागतं, म्हणजे खरा खांब काँक्रीटचाच आणि प्लॅस्टिक हा त्याचा अंगरखा. गुरुजींना हे सांगितल्यावर अण्णा मोठ्यानं हसले होते.

पण लाकडाची बाजू घेणाऱ्या अण्णांचंही सगळं ऐकण्यासारखं नव्हतं. लाकूड जमिनीत खोल कुजत नाही आणि वर हवेतही सहसा कुजत नाही. ते जमिनीच्या पातळीला, वर-खाली वीतभर पट्ट्यात जातं. तिथंच ओल असते, तिथंच हवा असते, आणि वाळवी तिथूनच मातीची नळी करत चढते. बाभळीचा लाल गाभा चिवट, बैलगाडीची चाकं त्याची व्हायची. पण भोवतीचा पांढरा भाग भुंग्याला साखरेसारखा गोड. जुने सुतार तोडलेली बाभूळ कित्येक महिने ओढ्यात किंवा विहिरीत बुडवून ठेवायचे. त्यानं लाकडातलं पिठूळ, गोड सत्त्व पाण्यात उतरतं आणि भुंगा फिरकत नाही. बांबूचंही तसंच. आता ओढ्याला पाणी किती दिवस असतं? आणि तेवढं थांबणारा सुतार कुठं आहे? आज आरा मशीनवर जाऊन खांब मागितला तर कालच तोडलेली ओली बाभूळ मिळते. ती मे महिन्याच्या झळांत आक्रसते, चिरते, खिळे सैल होतात.

दुसरा पर्याय म्हणून परदेशातून यंत्रं बांधून आलेल्या पेट्यांचं, पॅकिंगचं पाइन लाकूड मिळतं. ढाब्यांना आणि फार्महाऊसना ते फार आवडतं, दिसतंही सुंदर. आपल्या मातीला लावलं तर वाळवीची मेजवानी. सागवानाचा गाभा उत्तम, पण परवडत नाही, आणि स्वतःच्या बांधावरचं सागवान, आंबा, चिंच तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते, हे अनेकांच्या गावी नसतं. बुंधा जाळून काळा करायची, जळकं ऑइल लावायची पद्धत सगळीकडं आहे. थोडा फायदा होतो. पण वरचा काळा थर चिरला की आत रान मोकळं, आणि ते ऑइल विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्याजवळ लावू नये.

शेवटी गुरुजींच्या घरी लाकूड जमिनीला टेकूच दिलं नाही. मागच्या, पश्चिमेच्या अंगाला सिमेंटचे बुटके खुंट रोवले, ते जमिनीच्या वर वीतभर ठेवले, त्यांत लोखंडी पट्ट्या बसवल्या आणि बाभळीचे खांब त्या पट्ट्यांना बोल्टनं आवळले. अण्णांनी त्यांच्या रानातली, दोन वर्षं गोठ्यामागं पडून वाळलेली बाभूळ दिली. पांढरा भाग तासून टाकला. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली, एक तर वाऱ्याला वाट हवी आणि दुसरं म्हणजे सलग फळ्यांचं कुंपण वळवाच्या वादळात शिडासारखं भरतं. रस्त्याच्या, पुढच्या अंगाला गुरुजींचं पांढरं विनाइल. तिथं दोन जुने कडुनिंब आहेत, दुपारची सावली बऱ्याच भागावर पडते. टोकाची दोन पॅनल तेवढी उघड्या उन्हात.

त्यानंतर कित्येक उन्हाळे गेले. माझं येणंजाणं त्या रस्त्यानं असतंच. कडुनिंबाखालचं विनाइल आजही चांगलं आहे. धूळ बसते, पाखरं घाण करतात, गुरुजी नळी मारून धुतात. टोकाची दोन पॅनल मात्र पांढुरकी, खरबरीत झाली आणि एका सुट्टीत पोरांचा चेंडू लागून त्यातली एक पट्टी तडकली. तडकली याचं मला आश्चर्य वाटलं नाही. खरी अडचण पुढं आली. ज्या दुकानातून माल आणला त्यानं तो प्रकार बंद केला होता. दुसऱ्या कंपनीची पट्टी त्या खाचेत बसत नव्हती. एका पट्टीसाठी आख्खं पॅनल, आणि पॅनलसाठी खांबाचं तोंड बदलायची वेळ. गुरुजींनी ती जागा जास्वंदीनं झाकली.

मागच्या लाकडी कुंपणाचं रडगाणं वेगळं. दर उन्हाळ्यात त्याला तेल लावावं लागतं. न लावलेल्या वर्षी फळ्या करड्या पडून चिरा वाढल्या. एका खांबाला भुंगा लागला. शेजाऱ्यानं उसाचं पाचट पेटवलं तेव्हा धग कुंपणापर्यंत आली आणि खालच्या तीन-चार फळ्या काळ्या झाल्या. त्या जागी विनाइल असतं तर ते जळत सुटलं नसतं, पण धगीनं लोंबलं असतं हे नक्की, आणि धुरात घसा धरणारा वायू असता. लाकडाचं काय केलं? अण्णांनी गोठ्यातल्या जुन्या बाजेच्या पाट्या कापून दुसऱ्या दिवशी ठोकल्या. मला फोनसुद्धा केला नाही. दिसायला ठिगळं दिसतात, पण कुंपण उभं आहे.

माझं मत तिथंच पक्कं झालं. केजसारख्या ठिकाणी कुठला माल जास्त टिकतो यापेक्षा मोडलेला माल इथल्या इथं, इथल्या हातांनी नीट करता येतो का, हे आधी बघावं. विनाइलला देखभाल कमी, दुरुस्ती अवघड. लाकडाला देखभाल सतत, दुरुस्ती सोपी. ज्या घरात दरवर्षी ब्रश हातात धरणारं कुणी आहे त्यांनी लाकूड घ्यावं. ज्या घरात दोन म्हातारी माणसं आणि पोरं लांब, त्यांनी सावलीच्या अंगाला चांगलं विनाइल घेतलं तर मी नाही म्हणणार नाही.

गारपिटीबद्दलही लोक विचारतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली ती ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. नवं विनाइल गारेचा मार बऱ्यापैकी सोसतं, उन्हानं ठिसूळ झालेलं सोसत नाही. लाकडावर फक्त वण उठतात.

शेताबद्दल मात्र बोलायलाच नको. रानडुकराचा कळप रात्री भुईमुगात शिरायचा ठरवून आला तर त्याच्यापुढं फळी काय आणि पट्टी काय. डुक्कर वरून येत नाही, खालून नाक घालून उचकटतं. हरीण वरून उडी मारतं. त्यांच्यासाठी सिमेंटचे पोल, तार, खालचा पदर जमिनीला चिकटून, आणि त्याच्या आत दाट काहीतरी लावलेलं हवं. आपल्या बालाघाटच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बांधावर सीताफळ लावायचं आणखी एक कारण आहे: त्याचा पाला शेळीसुद्धा तोंडात धरत नाही. शेर, घायपात, सागरगोटाही असेच उपयोगी. झटका मशीन लावा, हरकत नाही, त्याचा झटका क्षणभराचा असतो. पण खांबावरची वीज थेट तारेत सोडणारे महाभाग अजूनही आहेत. तो गुन्हा आहे, आणि त्यात डुकरापेक्षा पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो. असं काम मी करत नाही, कुणी करत असेल तर त्याच्या घरचा चहाही घेत नाही.

बांधाचं कुंपण घालायच्या आधी मोजणी करून घ्या, हे वेगळं सांगायला नको खरं तर. तरी सांगतो. हद्दीवरून लागलेली भांडणं कुंपणापेक्षा जास्त वर्षं टिकतात.

वाचकांपैकी कुणी घराला कुंपण घालणार असेल तर दोनच विनंत्या. विनाइल घेतलंत तर त्याच वेळी चार-पाच पट्ट्या आणि एक खांब जास्तीचा घेऊन माळ्यावर टाकून ठेवा, नंतर तो माल मिळणार नाही. आणि काहीही घेतलंत तरी खड्डे घ्यायच्या दिवशी कामावर, लग्नाला कुठं जाऊ नका. फूटपट्टी घेऊन खड्ड्याशी उभे राहा आणि मुरूम लागल्याशिवाय किंवा साडेतीन फूट भरल्याशिवाय मिस्त्रीला खांब उभा करू देऊ नका. मिस्त्री मी असलो तरीही.